कॅबिनेट आणि त्यातील फेरफार

ज्या पत्र्याच्या पेटीत मदरबोर्ड, एसएमपीएस, हार्ड डिस्क आणि पंखे बसवितात, तिला बाजारात कॅबिनेट म्हणतात. मूळ योजनेहून निराळे सामान मावावे म्हणून तिचा पत्रा कापणे, छिद्रे पाडणे वा आतील आधार हलविणे, हा तिच्यातील फेरफार होय.

• मदरबोर्डची मापे : इंटेलचा एटीएक्स (१९९५) ३०५ × २४४ मि.मी.; मायक्रो-एटीएक्स (१९९७) २४४ × २४४; व्हीआयए कंपनीचा मिनी-आयटीएक्स (२००१) १७० × १७०. लहान बोर्डाची छिद्रे एटीएक्सच्या छिद्रांशी बहुतांशी जुळत असल्यामुळे मोठ्या पेटीत तो विनासायास बसतो. उलट प्रकारात मात्र कानस आणि ड्रिल यांनाही मर्यादा पडतात.

• अपवाद : काही कंपन्यांच्या तयार संगणकांत एसएमपीएसचा आकार आणि बटणे-दिव्यांच्या तारांची जोडणी सर्वस्वी स्वतंत्र असते.

• दक्षता : बोर्डाच्या छिद्राखाली नसलेला पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकविण्याचा खुंट) काढून टाकावा, अन्यथा शॉर्ट सर्किटचा संभव. पत्रा कापण्यापूर्वी सर्व भाग बाहेर काढावेत, कारण धातूचा कीसही तेच करतो.



• पावसाळा : महाड-पोलादपूरच्या दमट हवेत रंग उडालेली कापीव कड लवकर गंजते, तिला आधी प्रायमर, मग रंग द्यावा.