चाकांवरचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. जो मनुष्य एका जागी स्थिर नसतो, आपला संसार बरोबर घेऊन गावोगाव हिंडतो, त्याला उद्देशून ती योजतात. अमेरिकेत मात्र हौसेने असे बिऱ्हाड घेऊन प्रवासास निघणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांचे घरच चाकांवर असते.

या फिरत्या घरांचे मुख्य प्रकार दोन. काहींना स्वतःचे इंजिन असते, तर काही मोटारीच्या मागे जोडून ओढून न्यावी लागतात. आत निजावयाची जागा, शेगडी, न्हाणी व शौचकूप ही सारी सोय थोडक्यात बसविलेली असते. घराच्या खालच्या भागात बहुधा तीन टाक्या असतात. पहिलीत स्वच्छ पाणी, दुसरीत मोरीचे व न्हाणीचे सांडपाणी आणि तिसरीत शौचकूपाचा मैला साठतो. या टाक्यांची गोष्ट ध्यानात ठेवा. तिचे महत्त्व पुढे कळेल.

अशा प्रवासास अनुकूल असा एक रम्य प्रदेश न्यूयॉर्क राज्यात आहे. त्याचे नाव ‘फिंगर लेक्स’, म्हणजे बोटांची सरोवरे. येथील ११ लांबट, अरुंद सरोवरे नकाशावर हाताच्या बोटांसारखी दिसतात. हिमयुगात उत्तरेकडून सरकत आलेल्या बर्फाच्या प्रचंड थरांनी येथील खोरी खरवडून खोल केली. पुढे बर्फ वितळले, त्याने आणलेल्या दगडमातीचे बांध मागे राहिले आणि खोऱ्यांत पाणी साठले. त्यांपैकी कायुगा सरोवर सुमारे ६१ किलोमीटर लांब, तर सेनेका सुमारे १८८ मीटर खोल आहे. ही दोन्ही नावे या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या जमातींची होत.

सेनेकाच्या दक्षिण टोकाशी वॉटकिन्स ग्लेन हे गाव आहे. तेथील खोल घळीत १९ धबधबे असून ते पाहण्यास घर तळावर उभे करून पायीच जावे लागते. सरोवराच्या पश्चिम काठाने, द्राक्षमळ्यांमधून उत्तरेस गेले की जिनिव्हा लागते. तेथून पूर्वेस वळल्यावर सेनेका फॉल्स येते. १८४८ साली स्त्रियांच्या हक्कांसाठी येथे एक प्रसिद्ध परिषद भरली. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली होती!

आणखी पूर्वेस स्कॅनिअ‍ॅटलिस हे टुमदार गाव त्याच नावाच्या सरोवराकाठी वसले आहे. या सरोवराचे पाणी इतके निर्मळ आहे, की सिराक्यूज शहर १८९४ पासून ते पिण्यासाठी वापरते. आजही ते गाळावे लागत नाही. त्यातील जंतूंचा नाश केला की पुरते. परंतु २०१७ साली याच पाण्यावर विषारी शैवाल माजले आणि नागरिक चिंतेत पडले. पावसाबरोबर वाहून येणारी खतद्रव्ये व घाण हे अशा शैवालाचे खाद्य असते.

आता त्या टाक्यांकडे वळू. त्या भरल्या, की मुक्कामाच्या तळावर ठरवून दिलेल्या जागीच जाड नळीने रित्या करावयाच्या असतात. प्रथम मैल्याची टाकी सोडतात व नंतर सांडपाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. काम किळसवाणे खरे, पण ते चुकवून कोणी काळोखात रस्त्याकडेच्या चरात टाकी सोडली तर काय होईल? पाऊस ती घाण ओढ्यात नेईल, ओढा सरोवरात नेईल आणि सरोवराचे पाणी तर कोणाच्या तरी पेल्यात जाणार!

प्रवासी दुसऱ्या दिवशी निघून जातो; सरोवर तेथेच राहते आणि त्यावर जगणारी माणसेही. तुम्ही आपल्या गावच्या तळ्याकाठी सहलीस जाल, तेव्हा हे स्मरणात असू द्या. घर बरोबर नेता येते, तसे घर स्वच्छ ठेवण्याचे कर्तव्यही बरोबर न्यावे लागते.