संगणकातील पाहुणा

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील कित्येक ग्रामसभा बांबू व तेंदूपानांचा व्यवहार स्वतः पाहू लागल्या. व्यवहार आला की दप्तर आले. असे दप्तर जुन्या संगणकावर लिहिलेले असेल आणि ते यंत्रच बंद पडले, तर ठराव वाचावयाचे कसे?

अडचण खरी आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या अनेक मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. फाँट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. बरे, फाँट सापडला तरी मूळ प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालेलच असे नाही. सोळा-बिटी प्रोग्रॅम तर चौसष्ट-बिटी विंडोजवर मुळीच चालत नाहीत.

अशा वेळी व्हर्च्युअलबॉक्स नावाचा प्रोग्रॅम उपयोगी पडतो. तो संगणकाचे सोंग घेतो, असे म्हटले तरी चालेल. त्याच्या आत बसविलेल्या विंडोज एक्सपीस आपणांस स्वतंत्र डिस्क, स्मृती आणि पडदा मिळाला आहे असेच वाटते. वस्तुतः ती डिस्क म्हणजे आपल्या यंत्रावरील एक फाईल असते. बाहेरच्या प्रणालीस यजमान आणि आतलीस पाहुणा म्हणतात. ही युक्ती नवी नव्हे. आयबीएमने १९७२ साली आपल्या मोठ्या यंत्रांसाठी ती बाजारात आणली होती. व्हर्च्युअलबॉक्स २००७ साली एका जर्मन कंपनीने खुला केला. आज तो ओरॅकलकडे आहे. मूळ प्रोग्रॅम फुकट आणि मुक्त आहे, जोडीचा 'एक्स्टेन्शन पॅक' मात्र निराळ्या परवान्याचा. कार्यालयांनी तो डोळे झाकून घेऊ नये. विंडोजचा परवानाही वेगळा लागतोच. लिनक्सला तो खर्च नाही.

पाहुण्याला जेवू घालावे लागते, हेही लक्षात असावे. यजमानाच्या स्मृतीतूनच त्याचा वाटा निघतो. आठ जीबीच्या यंत्रावर एक्सपीला एक जीबी सहज देता येईल. चार जीबीवर ओढाताण होईल. पाहुणा सुरूच होत नसेल, तर यंत्राच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद तर नाही ना, हे आधी पाहावे.

आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती 'स्नॅपशॉट'ची सोय. प्रयोगापूर्वी पाहुण्याची स्थिती जतन करावी. बिघडल्यास क्षणात मागे जाता येते. ज्यांना लिनक्स शिकावयाचे आहे पण घरचे विंडोज गमवावयाचे नाही, त्यांनी हाच मार्ग धरावा. सी-डॅकची बॉस लिनक्सही अशी बसवून पाहता येईल.

एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविली. म्हणून त्या पाहुण्यास इंटरनेटची जोडणी देऊ नये. जुने ठराव उघडावेत, कागदावर छापावेत, आणि ती डिस्कची फाईल दुसऱ्या एखाद्या ठिकाणी उतरवून ठेवावी.