न उच्चारलेल्याची नोंद : अमेरिकेच्या दक्षिण भागातील समलिंगी व्यक्तींची आत्मकथने

समलिंगी व्यक्तीने आपला कल घरच्यांना वा समाजाला सांगणे, या घटनेसाठी मराठीत एकच एक रूढ शब्द नाही. ‘उघड होणे’ म्हणावे तर अपराधाची छाया येते. ‘प्रकट होणे’ हे देवांना शोभते. व्यवहारात माणसे ‘घरी सांगितले’ एवढेच म्हणतात. मात्र या साध्या क्रियापदातही एक गृहीत दडलेले आहे : आधी मौन आणि मग एका विशिष्ट दिवशी उच्चार. परंपरानिष्ठ प्रदेशात अशी आत्मकथने गोळा करणाऱ्यापुढील अडचण या गृहीतातूनच उद्भवते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत झालेली दोन संकलने या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

या प्रदेशात चर्च हे केवळ उपासनेचे स्थान नाही. नातीगोती, प्रतिष्ठा, गाणेबजावणे हे सारे त्याच्या आवारात घडते. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारे कायदे येथील अनेक राज्यांत २००३ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत टिकून होते. जुन्या पिढीतील निवेदकाला ‘सांगणे’ हे कबुलीजबाबासारखे वाटले, तर नवल नाही.

मूळचे मिसिसिपीचे असलेले इतिहासकार जॉन हॉवर्ड यांचा ‘मेन लाइक दॅट’ हा ग्रंथ १९९९ साली प्रसिद्ध झाला. १९४५ ते १९८५ या काळातील मिसिसिपी हा त्याचा विषय. असे जीवन महानगरातच संभवते, खेड्यातल्याने तेथे पळून जावे, ही समजूत हॉवर्ड यांनी मुलाखतींच्या आधारे खोडून काढली. घर, चर्च, महाविद्यालय आणि मोटारीमुळे जवळ आलेले हमरस्ते, येथेच ही माणसे परस्परांना भेटत होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असे. कोणी बोलत नसे. या न बोलण्यात दडपणूक होती, तशी काहीशी मुभाही होती. पुढे १९६०च्या दशकात, नागरी हक्कांच्या लढ्याच्या काळात, ती मुभा आक्रसली. ज्यांनी स्वतः काहीच सांगून ठेवले नाही, त्यांच्याविषयीच्या ऐकीव गोष्टीही हॉवर्ड यांनी पुरावा म्हणून स्वीकारल्या. काटेकोर इतिहासकाराला हे खटकेल. परंतु जेथे दफ्तरात फक्त अटकेची नोंद सापडते, तेथे ऐकीव गोष्ट टाकून देणे म्हणजे पोलिसांचेच कथन प्रमाण मानणे होय.

ई. पॅट्रिक जॉन्सन यांचे ‘स्वीट टी’ (२००८) हे संकलन अधिक आत्मीय आहे. जॉन्सन हे स्वतः उत्तर कॅरोलायनात वाढलेले, कृष्णवर्णीय आणि समलिंगी. एकोणीस ते त्र्याण्णव वर्षे वयाच्या साठाहून अधिक कृष्णवर्णीय पुरुषांची निवेदने त्यांनी एकत्र आणली. त्यांतून दिसते ते असे, की दाक्षिणात्य शिष्टाचारातील आडवळणाने बोलण्याची रीत हीच अनेकांच्या जगण्याची रीत होती. ज्या चर्चच्या व्यासपीठावरून निंदा होई, त्याच चर्चच्या गायकवृंदात पुष्कळांना आसरा आणि कौतुक मिळे. अशा माणसास ‘तुम्ही केव्हा सांगितले?’ असे विचारले, तर प्रश्नच चुकीचा ठरतो. आईला ठाऊक होते, जोडीदार सणाला जेवावयास येत होता. यात ‘सांगण्या’चा दिवस कोणता मानावा?

तथापि जॉन्सन यांनी ग्रंथाची मांडणी विषयवार केली आहे : बालपण, उघड होणे, चर्च, प्रेमसंबंध. यामुळे तुलना सुलभ होते, पण एका माणसाचे सलग बोलणे अनेक ठिकाणी तुटते. जी कथा ‘उघड होणे’ या प्रकरणात बसत नाही, तिला संकलकाने दिलेल्या चौकटीतच उभे राहावे लागते. जॉन्सन यांनी यांतील काही निवेदने पुढे स्वतः रंगमंचावर सादर केली. तेथे अडखळणे, हसणे, थांबणे यांना पुन्हा स्थान मिळाले. स्त्रियांची निवेदने मात्र त्यांच्याच स्वतंत्र ग्रंथात, २०१८ साली आली. संकलनातील वगळणूक कशी घडते, याचे हे अंतरही एक उदाहरण आहे.

मराठी अभ्यासकाला ही समस्या परकी नाही. दलित लेखनाच्या संदर्भात ‘आत्मचरित्र’ या संज्ञेऐवजी ‘आत्मकथन’ ही संज्ञा रुजली, ती जुना साचा अपुरा पडला म्हणूनच. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ (२०१२) हे वैशाली रोडे यांच्या शब्दांकनातून आले. अशा लेखनात वाक्याचा पूर्णविराम कोणी दिला, निवेदकाने की शब्दांकन करणाऱ्याने, हे मुद्रित पानावरून कळत नाही. ध्वनिफीत जपून ठेवली असेल तरच कळते.