संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रंग किती असावेत?

मैत्रिणींनो, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्या गंगापूर रोडवर हळदीकुंकवाची नुसती गडबड असते. आणि दिवाणखाना सजवताना आपली हटकून एक चूक होते. निळे पडदे, गुलाबी फुगे, सोनेरी झिरमिळ्या. घरात असेल ते सगळं लावायचं! मग मधोमध मांडलेल्या हलव्याच्या नाजूक दागिन्यांवर नजर ठरतच नाही.

रंगसंगती शोधायला लांब कशाला जायचं? देवापुढचं काळं सुगड पाहा. वर हळदीकुंकवाची बोटं, आत हिरवा हरभरा. झालं की!

मुख्य रंग काळा. भिंतीला जुनी काळी साडी ताणून लावा. थंडीत काळा रंग ऊब धरतो म्हणून आपण तो नेसतो. इथे तो पांढऱ्या हलव्याला उठाव देतो. तिसरा रंग फक्त पिवळा. झेंडूच्या दोन माळा पुरे. लाल कुंकवापुरता आणि हिरवा सुगडापुरताच असू द्या. दिवा पिवळसर लावा, पांढऱ्या ट्यूबखाली झेंडूची ऊब जाते. हलवा मात्र आयत्या वेळीच मांडा, दमट हवेत तो चिकटतो.

बोलावणं करताना सगळ्यांना काळं नेसून यायला सांगा. निम्मी सजावट तिथेच होते! आणि शेजारची एखादी, नवरा गेल्यापासून "मला कुठलं आता हळदीकुंकू" म्हणत दाराआड राहत असेल, तर तिला सर्वांत आधी सांगा. काळी साडी तिच्याही कपाटात असते.