परगावी नांदणारी स्त्री व सार्वजनिक बस : केदारखेडा परिसराच्या अनुषंगाने

स्थलांतराचा विचार करू लागताच अभ्यासकाची दृष्टी सामान्यतः शहराकडे वा परदेशी जाणाऱ्या पुरुषाकडे वळते. वस्तुतः भारतात जन्मस्थान वा पूर्वीचे वास्तव्य सोडून अन्यत्र राहणाऱ्यांत स्त्रियांचीच संख्या अधिक असून, त्यांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह हे आहे. २०११ च्या जनगणनेतही हेच आढळून आले. विवाहाने परगावी गेलेली स्त्री देशांतर करीत नाही हे खरे. पण नव्या गावात तिची स्थिती अनेक अंगांनी परदेशी राहणाऱ्या व्यक्तीसारखीच असते. गाव नवे, माणसे नवी, रीतभात निराळी, आणि स्वतःची माणसे अंतरावर. हे अंतर ती कोणत्या साधनाने, कोणाच्या सोबतीने आणि कोणाच्या अनुमतीने ओलांडते, हा प्रश्न केवळ दळणवळणाचा नसून सामाजिक आहे. त्याची उकल मराठवाड्यातील केदारखेडा या गावाच्या परिसराच्या अनुषंगाने येथे केली आहे.

१. परिसर

केदारखेडा हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पूर्णाकाठचे गाव जालना–राजूर–भोकरदन या मार्गावर वसलेले आहे. हा तालुका पूर्वी हैदराबाद संस्थानच्या औरंगाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने तो मुंबई राज्यात, १९६० साली महाराष्ट्रात आणि १ मे १९८१ रोजी नव्याने निर्माण झालेल्या जालना जिल्ह्यात आला. हमरस्त्यावरील गाव व आडबाजूचे गाव यांतील भेद येथे ध्यानी घेणे अगत्याचे आहे. रस्त्यावरच्या गावाला जाणारी-येणारी प्रत्येक गाडी आपली असते. आडगावच्या प्रवाशाला मात्र प्रथम फाट्यापर्यंत यावे लागते. नकाशावर दोन गावे शेजारी दिसली, तरी एका गावची सून माहेरापासून एका गाडीच्या अंतरावर, तर दुसऱ्या गावची सून दोन गाड्या व एका पायपिटीच्या अंतरावर असू शकते.

२. मुराळ्याची संस्था

नियमित बस येण्यापूर्वी सासुरवाशिणीचा प्रवास हा तिच्या इच्छेचा विषय नव्हता. माहेरहून मूळ यावे, भाऊ वा अन्य आप्त मुराळी म्हणून यावा, सासरच्या वडीलधाऱ्यांनी होकार द्यावा आणि मग बैलगाडी जुंपली जावी, असा तो क्रम होता. नागपंचमी, दिवाळी व पहिले बाळंतपण हे त्याचे ठरलेले प्रसंग. या पद्धतीत मुराळी हा नुसता सोबती नव्हता. माहेरची प्रतिष्ठा, प्रवासातील सुरक्षितता व परतीची हमी या तिन्ही गोष्टी त्याच्या रूपाने एकवटत. शेतीच्या हंगामात बैल मोकळे नसत, भाऊ लहान असे किंवा नसेच. अशा वेळी जाणे लांबणीवर पडे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आप्तसंबंधविषयक ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांच्या मधला प्रदेश मानले आहे. मामाच्या मुलीशी विवाह येथे मान्य असल्याने काही सुनांना सासरीही नात्याचे माणूस भेटते. परंतु सर्वच सुनांना नाही, आणि ज्यांना भेटत नाही त्यांच्यासाठी माहेरचा रस्ता अधिकच मोलाचा ठरतो.

३. सरकारी गाडीचे आगमन

हैदराबाद संस्थानात सरकारी मोटारसेवा जून १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सुरू झाली. मुंबई राज्यात सरकारी परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाड्यातील सेवा मुंबई राज्याच्या परिवहन मंडळात समाविष्ट झाली व पुढे तीच महाराष्ट्राची एस. टी. झाली.

या सेवेने स्त्रीच्या प्रवासात केलेला बदल वेगाचा होताच. परंतु त्याहून महत्त्वाचा बदल असा की, सोबतीचा काही भाग तिने सार्वजनिक केला. गाडीची वेळ ठरलेली, भाडे ठरलेले, वाहक गणवेशातील व उत्तरदायी, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी प्रवाशांतही कोणी ना कोणी पंचक्रोशीतले. मुलीला गाडीत बसवून देणे आणि पलीकडच्या थांब्यावर कोणी उतरवून घेणे, ही मधली पायरी त्यातूनच निर्माण झाली. मुराळ्याचे काम अशा रीतीने दोन टोकांच्या थांब्यांपुरते उरले व मधला प्रवास स्त्रीचा एकटीचा झाला.

या बदलाला शाळेनेही हातभार लावला. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण विद्यार्थिनींना एस. टी.चा विनामूल्य पास मिळतो. जी मुलगी वर्षानुवर्षे पास घेऊन शाळेला गेली, तिला थांबा, पाटी, वाहक व गर्दी यांचे भय उरत नाही. विवाहानंतर तीच मुलगी परगावी जाते, तेव्हा एकटीने प्रवास करण्याचे शिक्षण तिने आधीच घेतलेले असते.

४. भाड्याचे गणित

महाराष्ट्र शासनाने १७ मार्च २०२३ पासून एस. टी.च्या सर्व प्रकारच्या गाड्यांत स्त्रियांना भाड्यात पन्नास टक्के सवलत दिली. तत्पूर्वी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना, स्त्री असो वा पुरुष, प्रवास विनामूल्य झाला होता. या सवलतीचा अर्थ सामान्यतः खर्चातील बचत एवढाच लावला जातो. पण सोबतीच्या दृष्टीने पाहिल्यास तिचा आणखी एक परिणाम दिसून येतो.

एका फेरीचे पूर्ण भाडे एक एकक मानू. सवलतीपूर्वी स्त्री एकटी गेल्यास खर्च एक, आणि पूर्ण भाडे देणारा पुरुष सोबत असल्यास दोन. सवलतीनंतर एकटीचा खर्च अर्धा, तर पुरुषासह दीड. म्हणजे दोन्ही प्रकारांत बचत अर्ध्या एककाचीच झाली. परंतु सोबतीसह प्रवास पूर्वी एकटीच्या प्रवासाच्या दुप्पट महाग होता, तो आता तिप्पट झाला. उलटपक्षी दोन स्त्रिया मिळून गेल्यास खर्च एक, म्हणजे पूर्वी एकटीला लागत होता तेवढाच. पंचाहत्तरी ओलांडलेली आजी सोबत असल्यास तर तो अर्धाच राहतो. सवलत अशा रीतीने पुरुषाच्या सोबतीपेक्षा स्त्रियांच्या परस्परसोबतीला अनुकूल ठरते. केदारखेड्याहून राजूरच्या गणपतीला जाणाऱ्या जावा-नणंदांचा खर्च पूर्वीच्या निम्मा होतो, तो याच न्यायाने. २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले; तथापि वरील प्रमाण त्यामुळे बदलत नाही, कारण वाढ सर्वांनाच सारखी लागू आहे.

किंमत बदलली म्हणून रूढी लगेच बदलते असे मात्र नव्हे. “एकटीला कशाला धाडता?” या प्रश्नामागे केवळ हिशेब नसतो. एवढे खरे की, नकार देणाऱ्याला आता भाड्याचे कारण पुढे करणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

५. वेळेचे गणित

भाडे निम्मे झाले तरी जी गाडी येतच नाही तिचे भाडे किती, हा प्रश्न निरर्थक ठरतो. स्त्रीच्या दिवसाचे दोन ठोकळे बांधलेले असतात : सकाळचा स्वयंपाक-पाणी व संध्याकाळची चूल. आजारी आईला पाहून त्याच दिवशी परतायचे, तर या दोहोंच्या मधल्या अवधीत जाणे, भेटणे व येणे बसले पाहिजे. त्या अवधीत गाडी नसेल तर मुक्काम करावा लागतो. आणि मुक्काम म्हटला की अनुमतीचा प्रश्न नव्याने उभा राहतो. पुरुष शेवटची गाडी चुकल्यास कोणाच्या तरी दुचाकीवर बसून घरी पोहोचतो. स्त्रीला हा मार्ग सहज खुला नसतो. म्हणूनच गावात रात्री राहून पहाटे निघणारी मुक्कामी गाडी आणि दिवसाची शेवटची परतीची गाडी, या दोन फेऱ्यांचे मोल प्रवासीसंख्येवरून काढणे योग्य नव्हे.

जालना जिल्ह्यातील आगारे जालना, अंबड, परतूर व जाफराबाद येथे आहेत. आगारापासून दूरच्या टोकाची फेरी ही खर्चाच्या दृष्टीने सर्वप्रथम बंद करावीशी वाटणारी फेरी असते. पण आडगावच्या सुनेला तीच एक असते. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील कर्मचाऱ्यांच्या दीर्घ संपात ही सेवा खंडित झाली, तेव्हा खाजगी वाहनांचा आसरा घ्यावा लागला. तेथे ठरलेली वेळ नसते, सवलत नसते, आणि गाडी भरल्यावाचून निघत नाही.

६. परदेशातील साम्य

हीच समस्या परदेशी गेलेल्या मराठी स्त्रीच्या वाट्याला निराळ्या स्वरूपात येते. पतीच्या नोकरीनिमित्त अमेरिकेच्या एखाद्या उपनगरात गेलेल्या स्त्रीला बसचे भाडे परवडत नाही असे नाही. तेथे बसच क्वचित असते. वाहनचालनाचा परवाना मिळेपर्यंत बाजारहाटालाही पतीच्या सवडीची वाट पाहावी लागते. दुबईत बसचा पुढील भाग स्त्रियांसाठी राखून ठेवलेला असतो. त्यामुळे भाषा व गाव अनोळखी असूनही एकटीला आपली जागा कोणती हे विचारावे लागत नाही. समृद्धी व स्वातंत्र्य यांची सांगड आपोआप पडत नाही, हे या तुलनेवरून स्पष्ट व्हावे. अमेरिकेतील उपनगर व फाट्यापलीकडचे आडगाव या बाबतीत एकमेकांना जवळचे आहेत.

७. उपसंहार

परगावी नांदणाऱ्या स्त्रीच्या संचाराला तीन गोष्टी लागतात : परवडणारे भाडे, सोयीची वेळ व विश्वासार्ह सोबत. पहिलीची तरतूद शासनाच्या एका निर्णयाने होऊ शकली. दुसरी आगाराच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे. तिसरी समाजाच्या हाती असली, तरी नियमित गाडी व जाणता वाहक तिला आधार देऊ शकतात. पुढील अभ्यासात गावनिहाय किती तिकिटे खपली याची मोजणी पुरेशी होणार नाही. कोणत्या गावची सून सकाळी निघून संध्याकाळच्या आत माहेरहून परत येऊ शकते, आणि कोणत्या गावची येऊ शकत नाही, असा नकाशा तयार केला पाहिजे. केदारखेडा व त्याच्या भोवतालची फाट्यापलीकडची गावे यांपासून या कामाचा आरंभ करता येईल. कारण एकच तालुका व एकच भाडेदर असूनही स्त्रीचे माहेर किती दूर पडते, यातील तफावत तेथे शेजारी शेजारी पाहावयास मिळते.