फाइलींचे सुरक्षित स्थानांतरण : एसएसएचची कार्यपद्धती

लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी आपण मुखेड तालुक्यातील जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे संकलित केली आहेत, असे समजा. गाणाऱ्या स्त्रियांची नावे, गावे व भ्रमणध्वनी क्रमांक सोबतच्या सूचीत आहेत. ही सामग्री नांदेड येथील एका व्यवस्थापित संगणकावर पाठवायची आहे. ज्या विश्वासाने ती मिळाली, त्या विश्वासाला वाटेत तडा जाऊ नये, ही संकलकाची जबाबदारी होय.

१. पूर्वपीठिका

फाइल स्थानांतरणाचा 'एफटीपी' हा नियमसंच अभय भूषण यांनी १९७१ मध्ये मांडला. त्याच्या मूळ पद्धतीत मजकूर आणि परवलीचा शब्द, दोन्ही पोस्टकार्डावरील मजकुराप्रमाणे उघडे जातात. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरले गेले. त्यानंतर तेथील संशोधक तातू य्लोनेन यांनी 'सिक्युअर शेल' म्हणजेच एसएसएच विकसित केले. १९९९ मध्ये त्याची 'ओपनएसएसएच' ही मुक्त आवृत्ती आली.

२. कार्यपद्धती

एसएसएचमध्ये दोन्ही संगणक प्रथम एक तात्पुरती गुप्त किल्ली ठरवतात व पुढील सर्व मजकूर तिच्या साहाय्याने कूटबद्ध करतात. प्रेषकाची ओळख पटवण्यासाठी किल्ल्यांची जोडी वापरता येते. सार्वजनिक किल्ली नांदेडच्या संगणकावर ठेवली जाते. खासगी किल्ली मुखेडच्या संगणकातून कधीही बाहेर जात नाही. फाइली नेण्याचे काम 'एसएफटीपी' करते. प्रेषकाला केवळ एकाच फोल्डरपुरता प्रवेश देण्याची सोयही व्यवस्थापकाला असते.

३. पहिल्या जोडणीची दक्षता

कूटबद्धतेमुळे वाटेतील माणसाला मजकूर वाचता येत नाही. परंतु पलीकडचा संगणक खरोखर आपलाच आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून पहिल्या जोडणीच्या वेळी पडद्यावर त्या संगणकाच्या किल्लीचा 'ठसा' दिसतो. तो व्यवस्थापकाकडून दूरध्वनीवर पडताळून मगच संमती द्यावी. पुढे कधी 'ठसा बदलला आहे' अशी सूचना आली, तर काम थांबवून कारण विचारावे. संगणक नवा बसवला असेल, किंवा मध्ये कोणी तोतया उभा असेल. न वाचताच 'होय' म्हणणाऱ्याने बंद पाकीट अनोळखी हाती सोपवल्यासारखे होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. एफटीपीची मूळ पद्धत व एसएसएच यांतील मुख्य फरक सांगा.
२. मजकूर कूटबद्ध असूनही ठसा पडताळणे आवश्यक का ठरते?