ओढणारे वाहन, ओढली जाणारी ट्रॉली

मालाडहून मार्वेमार्गे येणारा रस्ता आक्सा, एरंगळ ओलांडून मढच्या कोळीवाड्याशी संपतो. वर्सोव्याहून पाहिले तर मढ खाडीच्या पलीकडे, अगदी हाकेच्या अंतरावर आहे. परंतु ज्याला चाकांवरून माल न्यावयाचा आहे त्याला मालाडचा वळसा चुकत नाही. बर्फ व जाळी गावात येतात आणि मासळी बाहेर जाते ती याच वाटेने. वाहन टेम्पो असो की ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर, त्याच्या मालकापुढे दोन प्रश्न असतात. चालकाजवळ कोणती अनुज्ञप्ती, म्हणजे लायसन्स, हवी आणि ओझे किती चालेल? अपघात होईपर्यंत हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. अपघातानंतर विमा कंपनी प्रथम तेच विचारते.

मोटार वाहन अधिनियम, 1988 अन्वये ट्रॅक्टर हे स्वतः ओझे वाहण्यासाठी बांधलेले वाहन नव्हे. म्हणून त्याचे मोजमाप रिकाम्या वजनावरून होते, आणि ते 7,500 किलोग्रॅमपेक्षा अधिक नसल्यास तो हलक्या मोटार वाहनांत गणला जातो. शेतकामाचे नेहमीचे ट्रॅक्टर या मर्यादेच्या पुष्कळच आत असतात. मग मागे ट्रॉली जोडली की अनुज्ञप्ती बदलावी लागते काय? कर्नाटकातील नागशेट्टी यांच्या प्रकरणात नेमका हाच वाद होता. ट्रॉलीत दगड भरलेले होते आणि चालकाजवळ केवळ ट्रॅक्टरची अनुज्ञप्ती होती, म्हणून विमा कंपनीने भरपाईची जबाबदारी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली निर्णय दिला की, ट्रॉली जोडल्याने ट्रॅक्टर ट्रॅक्टरच राहतो. त्याच्या चालकाची अनुज्ञप्ती निरर्थक ठरत नाही.

टेम्पोचा हिशेब निराळा आहे. तेथे रिकामे वजन नव्हे, तर मालासह नोंदलेले एकूण वजन पाहिले जाते. ते 7,500 किलोग्रॅमपर्यंत असल्यास हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती पुरते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटले व 6 नोव्हेंबर 2024 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तेच कायम केले. त्याहून जड मालवाहू वाहनासाठी परिवहन वाहनाची अनुज्ञप्ती घ्यावी लागते, व तीसाठी चालकाचे वय किमान 20 वर्षे असावे लागते.

अनुज्ञप्तीचा प्रश्न असा सुटला तरी वजनाचा सुटत नाही. कायद्याच्या दृष्टीने ट्रॉली हेही मोटार वाहनच असल्याने तिची स्वतंत्र नोंदणी आवश्यक आहे, आणि ओझ्याची मर्यादा त्या नोंदणी प्रमाणपत्रातील आकड्याने ठरते. फळ्यांच्या उंचीने नव्हे. तीन मीटर लांब, 1.8 मीटर रुंद व 60 सेंटिमीटर खोल ट्रॉली चुरलेल्या बर्फाने काठोकाठ भरली तर सुमारे दोन टन भरते. त्याच ट्रॉलीत ओली वाळू भरल्यास वजन सहा टनांवर जाते. दोन टनांचा ट्रॅक्टर हे ओझे ओढील खरे, पण थांबवू शकेलच असे नाही. उतारावर ब्रेक लावताच मागील भार त्याला पुढे रेटतो, आणि वळणावर ट्रॉली आडवी होते. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर धोका अधिकच.

अतिभारासाठी 2019 च्या सुधारणेनुसार अधिनियमात 20,000 रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी 2,000 रुपये अशी तरतूद आहे. जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही वेगळा द्यावा लागतो, आणि तो उतरविल्याशिवाय वाहन पुढे नेता येत नाही. बर्फातील मासळीच्या बाबतीत हा खोळंबा दंडापेक्षाही महाग पडेल.

आणखी काही गोष्टी लहान वाटतात, पण दुर्लक्षिल्या जातात. सर्वांत मागील ट्रॉलीवर ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक दिसला पाहिजे. विमापत्रात ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचाही उल्लेख असावा. आणि शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर भाड्याने बांधकामाचे साहित्य वाहू लागला, तर तशी नोंदणी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून आधी करून घ्यावी.